आमिष कशाला म्हणावे?

डोक्यावर ओझे घेऊन फलाटावर तासभर उभा राहिलेला हमाल घामाघूम होतो. पण भौतिकशास्त्राच्या व्याख्येप्रमाणे त्याने त्या ओझ्यावर काहीच कार्य केलेले नसते. ही व्याख्या हमालाची मजुरी ठरविण्यासाठी केलेली नाही, हे ध्यानात घेतले की घोटाळा उरत नाही. कोणतीही व्याख्या वाचताना ती कोणत्या प्रश्नासाठी केली आहे, हे आधी विचारावे. अमेरिकेतील हरणांच्या शिकारीचे नियम याचे चांगले उदाहरण आहेत.

तेथील मिनेसोटा राज्यात परवाना काढून हरणाची शिकार करता येते. मात्र आमिष घालून करता येत नाही. आता आमिष म्हणजे काय? शिकाऱ्याने रानात मक्याची रास ओतली, तर ते आमिष. शेतात उभा असलेला मका, बागेत गळून पडलेली सफरचंदे, वन्य प्राण्यांसाठी पेरलेला चारा ही आमिषे नव्हेत. खाद्य न मिसळलेले नुसते मीठही आमिष नव्हे. शिवाय आमिष पूर्णपणे उचलून नेले, तरी ती जागा पुढे १० दिवस आमिषाचीच मानली जाते.

तोच मका, तेच हरीण! मग कणसातला दाणा निर्दोष आणि राशीतला दाणा दोषी कसा? ज्याच्याकडे जमीन आहे त्याने चारा पेरून हरणे बोलवावीत आणि ज्याच्याकडे नाही त्याने बादलीभर मका ओतला तर दंड भरावा, हा कुठला न्याय, असेही कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. शिकाऱ्याने हरणाला फसवू नये, एवढाच हेतू असेल, तर या भेदाचे समर्थन करणे कठीण आहे.

परंतु आता दुसरा प्रश्न उभा राहिला आहे. १९६७ साली कोलोरॅडो राज्यात पाळीव हरणांमध्ये एक रोग प्रथम दिसला. त्यात हरीण खंगत जाऊन मरते. त्याचे कारण जिवाणू किंवा विषाणू नसून चुकीची घडी पडलेले प्रथिन, म्हणजे प्रिऑन, हे आहे. ते लाळेतून व मलमूत्रातून बाहेर पडते आणि मातीत वर्षानुवर्षे टिकते. त्यावर लस नाही, औषध नाही. २००२ मध्ये हा रोग विस्कॉन्सिन राज्यातील रानटी हरणांत आढळला.

या प्रश्नाकडे पाहिले की रास आणि शेत यांतला फरक स्पष्ट होतो. शेतात हरणे पांगून चरतात; राशीवर नाकाला नाक लागते आणि एकाची लाळ दुसऱ्याच्या तोंडी जाते. पण मग मिठाचे काय? एकच दगड दहा हरणांनी चाटला, तर धोका तोच. आणि १० दिवसांचे काय? राशीवर येण्याची हरणाची सवय मोडायला ते पुरेसे असतील. मातीतल्या प्रिऑनला त्यांचे काय? विस्कॉन्सिनमध्ये जेथे बंदी नाही, तेथे एका जागी दोन गॅलन, म्हणजे सुमारे साडेसात लिटर आमिष चालते. हा आकडा मोजायला सोपा आहे. पण हरणे किती जवळ येतील हे तो मोजत नाही.

म्हणून माझे मत असे, की एकाच व्याख्येने दोन्ही कामे करू नयेत. शिकारीतील न्यायासाठी एक व्याख्या असावी आणि रोगासाठी दुसरी. दुसरीत शिकाऱ्याचा हेतू पाहू नये. हरणे एका जागी गोळा होतात की नाही, एवढेच पाहावे. मिनेसोटाने रोगाच्या भागांत हरणांना खाऊ घालण्यावर आणि मीठ, खनिजे ठेवण्यावर वेगळी बंदी घातली, ती याच दिशेने आहे. प्रेमाने टाकलेला मकासुद्धा तेथे धोक्याचाच असतो.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने ‘शिकार’ या शब्दातच आमिष घालणे आणि तसा प्रयत्न करणे समाविष्ट केले आहे. प्राणी मेलाच पाहिजे, अशी अट नाही. ही व्याख्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते आणि कोणता प्रश्न सोडून देते, याचा विचार तुम्हीच करून पाहा.