बाटली ग्राहकाची, जबाबदारी जागामालकाची

नवी दिल्ली : मद्य ग्राहकाने सोबत आणायचे आणि जागामालकाने केवळ टेबल, पेले व बर्फ पुरवायचा, ही पद्धत ढाब्यांपासून शेतघरांपर्यंत सर्रास आढळते. विक्रीच नसेल तर परवाना कशाला, असा त्यामागील समज. कायद्याच्या कसोटीवर मात्र तो टिकत नाही.

मद्य हा राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. त्यामुळे नियम राज्यागणिक बदलतात. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ मधील व्याख्या या बाबतीत निर्णायक ठरते. मालकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या लाभासाठी जेथे मद्यपान करू दिले जाते, ती जागा सार्वजनिक मद्यपानगृह मानली जाते. हा लाभ जागेच्या वापराच्या शुल्कातून मिळालेला असला तरी पुरतो. मद्यविक्री सिद्ध करण्याची आवश्यकता नाही. अशी जागा चालविणारा आणि तिच्या कामकाजात साहाय्य करणारा कलम ६८ च्या, तर तेथे मद्यपान करणारा कलम ८४ च्या कक्षेत येतो. ग्राहकाकडील वैयक्तिक परवाना मालकाला संरक्षण देत नाही. गोव्यात रीतसर घेतलेली बाटलीही परवानगीविना महाराष्ट्रात आणता येत नाही.

याच १९४९ च्या कायद्याचा वारसा लाभलेल्या गुजरातमध्ये दारूबंदी कायम आहे. दिल्लीत समारंभासाठी पी-१० हा तात्पुरता परवाना घ्यावा लागतो. महाराष्ट्रातही एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी तात्पुरत्या परवान्याची सोय आहे. प्रश्न उरतो तो रोज चालणाऱ्या लहान उपाहारगृहांचा. परमिट रूमचा परवाना त्यांच्यासाठी खर्चिक ठरतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात मात्र ग्राहकाने स्वतःचे मद्य आणण्यास मुभा देणाऱ्या जागांसाठी वेगळा परवाना आहे.

राज्यांचा संकोच अनाकलनीय नाही. उत्पादन शुल्क हा त्यांच्या महसुलाचा मोठा आधार आहे आणि मानवी सेवनाचे मद्य वस्तू व सेवा कराबाहेर आहे. टेबलावरील बाटली कर भरलेली, परराज्यातील की बनावट, हे मालकाला ठरविता येत नाही. शिवाय मद्यव्यापार हा मूलभूत हक्क नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाने खोडे डिस्टिलरीज प्रकरणात १९९४ मध्ये स्पष्ट केले आहे. मुभा द्यावी की नाही, हा म्हणूनच धोरणाचा प्रश्न ठरतो.

तथापि मनाईने व्यवहार थांबत नाही, तो केवळ आडोशाला जातो. तेथे ग्राहकाचे वय, बंद होण्याची वेळ वा मद्यपान करून वाहन चालविणाऱ्याला रोखण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. छापा पडला की मालकासोबत वाढपीही आरोपी होऊ शकतो. खरेदीची पावती, वयाची पडताळणी आणि ठरावीक वेळ या अटींवर माफक शुल्काचा परवाना दिल्यास महसूल व सुरक्षितता दोन्ही साधता येतील. तोपर्यंत ‘आम्ही विकत नाही’ हा बचाव मालकाच्या उपयोगी पडणारा नाही.