मैदान जनतेचे, नफा कुणाचा?

संघटनेच्या कामासाठी मध्यंतरी बंगळूरला जाणे झाले. काम आटोपल्यावर तिथल्या काही मराठी सभासदांबरोबर इंदिरानगरात, मेट्रोच्या पुलाखाली एका हॉटेलात कॉफी घेत बसलो होतो. महागाई भत्ता, पेन्शन, रिक्त जागा हे विषय झाले आणि गाडी फुटबॉलवर आली. आमच्यातला एक तरुण ट्रॅकमन बेंगळुरू एफसीचा भक्त. तो म्हणाला, "सेक्रेटरीसाहेब, सरकारने आमच्या टीमला एक चांगले स्टेडियम बांधून दिले तर काय बिघडेल? नाही तर टीम एक दिवस दुसऱ्या गावाला निघून जाईल." त्याच्या शेजारी बसलेले पोस्टमन काका, निवृत्तीला आलेले, लगेच उसळले. "अरे बाबा, टीम कुणाची? कंपनीची. स्टेडियम कुणाच्या पैशाने? तुझ्या-माझ्या. मग टीम गेल्यावर तू आणि मी काय त्या खुर्च्या मोजत बसायचे?"

वाद बराच रंगला. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. परंतु हा प्रश्न एका शहराचा किंवा एका खेळाचा नाही. तो सार्वजनिक मालमत्तेचा आहे, आणि म्हणून रेल्वे व टपाल कामगारांनी त्याकडे लक्ष दिले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

आधी त्या तरुणाची बाजू समजून घेऊ. बंगळूरचा पूर्व भाग, म्हणजे इंदिरानगर, हलसूर, ऑस्टिन टाऊन हा पट्टा, फुटबॉलवेडा आहे. हलसूरजवळच्या गौतमपुरा या गरीब वस्तीत पेलेचा पुतळा आहे. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा गोल करणारा एस. रामन बंगळूरचाच. म्हैसूर राज्याच्या संघाने संतोष करंडक चार वेळा जिंकला आणि 1968-69 नंतर तब्बल 54 वर्षांनी, 2023 च्या मार्चमध्ये, कर्नाटकाने तो पुन्हा आणला. मधल्या काळात या शहराचा फुटबॉल जगवला तो मुख्यतः सार्वजनिक उद्योगांनी. इंदिरानगरच्या पूर्वेला हिंदुस्थान एरोनॉटिक्सची वसाहत, पुढे दूरवाणीनगरला आयटीआय. या कारखान्यांचे संघ होते. खेळाडू कामगार होते आणि कामगार प्रेक्षक होते. एचएएलचा संघ 2010-11 आणि 2011-12 असे दोन हंगाम आय-लीगमध्ये खेळला, मग खाली घसरला आणि हळूहळू दिसेनासा झाला.

ती जागा 2013 साली बेंगळुरू एफसीने घेतली. मालक जेएसडब्ल्यू, म्हणजे बळ्ळारी जिल्ह्यात तोरणगल्लूला पोलादाचा अवाढव्य कारखाना असलेला उद्योगसमूह. पहिल्याच हंगामात संघ आय-लीगचा विजेता झाला. 2016 साली एएफसी चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलेला तो पहिला भारतीय क्लब. 2018-19 मध्ये त्याने इंडियन सुपर लीग जिंकली. या यशाने हजारो तरुणांना आनंद दिला, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. कष्टकऱ्याला रविवारी संध्याकाळी दोन तास ओरडायला जागा हवी असते. त्याला नाक मुरडणारे आम्ही नव्हे.

परंतु हा संघ खेळतो कुठे? श्री कंठीरवा स्टेडियममध्ये. ते 1997 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी जनतेच्या पैशाने उभे राहिले आणि त्यात मध्ये मैदान, भोवती धावपट्टी अशी रचना आहे. संघ 2014 पासून तिथे खेळू लागला आणि तंटा सुरू झाला. धावपटू आणि त्यांचे प्रशिक्षक म्हणू लागले की सामन्यांच्या तयारीमुळे आमचा सराव बुडतो आणि सार्वजनिक मैदान एका खाजगी क्लबच्या सोयीने चालते. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. 2019 च्या हंगामाआधी परवानगीचा एवढा घोळ झाला की संघ घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत खेळणार, अशा बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. शेवटी संघ बंगळूरातच राहिला. परंतु "संघ जाईल" ही भीती तेव्हापासून लोकांच्या मनात बसली, आणि "मग त्याला स्वतंत्र स्टेडियम द्या" ही मागणीही.

आता गंमत पाहा. ज्या बालेवाडीत हा संघ येणार होता, तिथे जागा रिकामी का होती? कारण पुण्याचा स्वतःचा संघ नुकताच गेला होता. बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी महाराष्ट्राच्या तिजोरीतून बांधले गेले. एफसी पुणे सिटी तिथे 2014 पासून पाच हंगाम खेळला, 2019 मध्ये बंद पडला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबला मिळाली. हैदराबादच्या संघाने 2021-22 ची लीग जिंकली. पुढे 2023-24 मध्ये त्याच्या खेळाडूंचे पगार थकले, मालक बदलले आणि 2025 मध्ये तो संघ नाव बदलून दिल्लीला गेला. दिल्लीला जागा होती, कारण तिथला संघ 2019 सालीच भुवनेश्वरला गेला होता. तिथे ओडिशा सरकारचे कलिंग स्टेडियम तयार होते.

आपल्याकडे बदलीची ऑर्डर आली तर निदान जॉइनिंग टाइम मिळतो. इथे सारा संघच एका गावातून दुसऱ्या गावाला हलतो, आणि ज्यांनी घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या त्यांना कुणी विचारतही नाही. एक मात्र लक्षात घ्या. पुण्याचा संघ गेला तरी बालेवाडीचे संकुल जागेवर आहे, कारण ते शासनाचे आहे आणि अनेक खेळांसाठी आहे. गाडी सुटते, फलाट जागेवर राहतो. म्हणून फलाट कुणाच्या मालकीचा, हा खरा प्रश्न आहे.

या बाबतीत अमेरिका आपल्याला फार वर्षांनी पुढे आहे. तिथला फुटबॉल वेगळा, चेंडू हातात धरून पळण्याचा, पण मालकांचे डावपेच तेच. सेंट लुईस शहराने लॉस एंजेलिसचा रॅम्स संघ 1995 साली आणला, त्यासाठी सार्वजनिक कर्ज काढून छताचे स्टेडियम बांधले. राज्य, शहर आणि काउंटी मिळून वर्षाला 2 कोटी 40 लाख डॉलर्सचा भार तीस वर्षांसाठी डोक्यावर घेतला. 2016 च्या जानेवारीत मालकाने संघ पुन्हा लॉस एंजेलिसला नेला. संघ गेला, हप्ते मात्र काही वर्षे चालूच राहिले. पुढे शहराने दावा लावला आणि 2021 मध्ये तडजोडीचे 79 कोटी डॉलर्स मिळवले, पण त्यासाठी वकील आणि कोर्ट करावे लागले. उलट सॅन डिएगोच्या मतदारांनी 2016 च्या नोव्हेंबरमध्ये नव्या स्टेडियमसाठी करवाढ मतपेटीतून नाकारली. पुढच्याच वर्षी त्यांचाही संघ गेला.

म्हणजे पैसा दिला तरी संघ गेला आणि नाही दिला तरी गेला. फरक एवढाच की सॅन डिएगोच्या लोकांच्या गळ्यात नव्या स्टेडियमचे कर्ज पडले नाही. तिसरे उदाहरण ग्रीन बे या लहानशा शहराचे. तिथला पॅकर्स संघ 1923 पासून भागधारकांचा आहे. आज त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत आणि कुणालाही त्यावर नफा मिळत नाही. तो संघ शंभर वर्षांत कुठे गेला नाही. जाणार कसा? उचलून नेणारा एकटा मालकच नाही!

कुणी म्हणेल, स्टेडियममुळे रोजगार मिळतो. रोजगार मिळतो, पण कसला? सामन्याच्या दिवशी कंत्राटी सुरक्षारक्षक, कंत्राटी सफाईवाली, दिवसाच्या हजेरीवर. खुद्द खेळाडूंची नोकरी किती पक्की आहे, तेही आपण पाहिले. लीग चालवण्याच्या कराराचा तिढा सुटेना, तेव्हा 2025 च्या ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने आपल्या मुख्य संघातील खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार बेमुदत थांबवल्याचे जाहीर केले. ज्यांच्या जर्सीसाठी पोरे खिसा रिकामा करतात, तेही शेवटी पगारावर जगणारे कामगारच. मालकांच्या अडचणीत पहिली कुऱ्हाड पगारावर पडते, हे आपल्याला नवीन नाही. मग अशा धंद्याला जनतेने आपला पैसा बिनशर्त का द्यावा?

फुटबॉलचेच कशाला, क्रिकेटकडे पाहा. 2025 च्या 4 जूनला चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या चेंगराचेंगरीत 11 जीव गेले. सामने बाहेर जाणार, अशी चर्चा सुरू झाली. त्याच ऑगस्टमध्ये कर्नाटक सरकारने बोम्मसंद्र भागात सूर्यनगरला 80 हजार आसनांच्या स्टेडियमच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. खर्च 1,650 कोटी रुपये आणि तो करणार राज्याचे गृहनिर्माण मंडळ. सरकारवर बोजा नाही, असे सांगितले जाते. गृहनिर्माण मंडळाचा पैसा म्हणजे काय आकाशातून पडलेला? ते मंडळ घरे बांधण्यासाठी आहे. गर्दीला सुरक्षित मैदान पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु भाडे कोण देणार, किती देणार आणि वर्षातले उरलेले तीनशे दिवस तिथे कोण खेळणार, हे आधी लोकांपुढे आले पाहिजे.

आता आपल्या घराकडे वळू. रेल्वेचा खेळांशी संबंध जुना आहे. 1958 साली ईस्टर्न रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली, ती मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि महमेडन स्पोर्टिंग यांच्या नाकावर टिच्चून. त्या संघात पी. के. बॅनर्जी होते आणि मोठ्या क्लबांचे दरवाजे उघडे असूनही ते रेल्वेतच राहिले. या तिघांखेरीज दुसरा विजेता कलकत्त्याने त्यानंतर थेट 2019 मध्ये पाहिला. रेल्वेने 1961-62, 1964-65 आणि 1966-67 असा तीन वेळा संतोष करंडक जिंकला. आणि अगदी कालपरवाचे सांगायचे तर 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवणारा कोल्हापूर जिल्ह्याचा स्वप्निल कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट कलेक्टर होता. त्यांच्या पाठीशी नोकरी होती, रजा होती आणि महिन्याच्या शेवटी पगार होता.

हे सारे ज्या मैदानांच्या जोरावर झाले, त्या मैदानांचे काय चालले आहे? 2021 च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने सहा लाख कोटींची राष्ट्रीय मुद्रीकरण योजना जाहीर केली. तिच्यात स्थानके, गाड्या, मालधक्के आणि कोकण रेल्वे यांच्या जोडीला रेल्वेची 15 स्टेडियम्स होती. त्याच वर्षी व्यापारी विकासासाठी पाहणी करायच्या मैदानांची यादी निघाली, तिच्यात मुंबईचे परळ आणि महालक्ष्मी होते, बंगळूरचे येलहंकाही होते. म्हणजे एका हाताने कामगारांच्या पोरांचे मैदान व्यापाऱ्याच्या हवाली करायचे आणि दुसऱ्या हाताने कंपनीच्या संघासाठी सरकारी पैशाने नवे बांधा म्हणायचे! हा न्याय आमच्या मॅट्रिकच्या गणितात बसत नाही. टपाल खात्यातील बंधू-भगिनींनीही सावध असावे. शहराच्या मध्यावर असलेल्या सरकारी जागेकडे कुणाची नजर कशी असते, हे त्यांना आम्ही सांगायला नको.

मग इंदिरानगरच्या त्या तरुण साथीला आमचे उत्तर काय? संघ राहिला पाहिजे, हे आम्हालाही मान्य. परंतु पुढील अटी जाहीरपणे, लेखी आणि आधी ठरल्या पाहिजेत.

पहिली, जमीन आणि स्टेडियम यांची मालकी कायम सार्वजनिक राहील. संघ भाडेकरू असेल, आणि भाड्याचा करार कुणालाही वाचायला मिळेल.

दुसरी, जनतेचा पैसा लागला तर संघाने ठरावीक वर्षे शहर न सोडण्याची हमी द्यावी. मध्येच गेला तर ती रक्कम व्याजासह परत करावी.

तिसरी, शाळेची मुले, स्थानिक लीग आणि धावपटू यांचे दिवस व वेळ आधी राखून ठेवावी. उरलेल्या वेळेतून संघाला द्यावी.

चौथी, तिथे राबणाऱ्या प्रत्येक कामगाराला, मग तो कंत्राटी असो की रोजंदारीचा, किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय मिळालेच पाहिजे.

पाचवी, रेल्वेचे एकही खेळाचे मैदान व्यापारी विकासाला देऊ नये. ज्या शाखेच्या हद्दीत असे मैदान असेल, तिथे मैदानाची आजची स्थिती, तिथे कोण खेळते, देखभालीला किती माणसे आहेत, याची नोंद शाखेने स्वतः करून कार्यालयाकडे पाठवावी. मोजमापाला माणसे आल्यावर जागे होण्यात अर्थ नाही.

या अटी मालकाला मंजूर असतील तर सरकारने खुशाल मैदान द्यावे, आम्ही टाळ्या वाजवू. नसतील तर त्याचे संघावर प्रेम किती आणि जमिनीवर किती, हे सर्वांना कळेल.

त्या दिवशी उठताना पोस्टमन काकांनी कॉफीचे बिल दिले आणि त्या पोराला म्हणाले, "पुढच्या मॅचला मला पण ने. बघू तरी, आपल्या स्टेडियममध्ये काय चालते ते." त्यांनी 'आपल्या' हा शब्द वापरला, तो आम्हाला फार आवडला. बंधू-भगिनींनो, कंठीरवा असो, बालेवाडी असो की परळचे मैदान असो, ते आपले आहे. भाडेकरू येतील आणि जातील. घरमालकाने जागे राहिले पाहिजे.