पहारा आणि जमाव

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी लागली, की बंद घरे फोडल्याच्या वार्ता येऊ लागतात आणि पाठोपाठ पोलिसांचे आवाहनही येते : परगावी जाताना शेजाऱ्यांना सांगून जा. आवाहन साधे आहे. परंतु ते वाचणाऱ्या किती गृहस्थांना सांगण्याजोगा शेजारी उरला आहे, हा प्रश्न तितकासा साधा नाही. वाड्यात अथवा चाळीत वाढलेल्या पिढीला असे आवाहन करावेच लागत नसे. कोणाकडे पाहुणा आला, कोणाचा मुलगा अजून परतला नाही, हे साऱ्या गॅलरीला ठाऊक असे. त्या चौकसपणाचा जाचही होता आणि तो संपला म्हणून कोणी शोक करीत बसण्याचे कारण नाही. मात्र जाचाबरोबर रखवालीही गेली. तिची जागा आता फाटकावरचा रखवालदार व जिन्यातला कॅमेरा यांनी घेतली आहे. कॅमेरा गेलेल्या चोराचा चेहरा दाखवितो. आलेला माणूस परका आहे हे ओळखण्यास शेजारीच लागतो.

शिवाय आजचा चोर फाटकातूनच येतो असे नाही. दूरध्वनीवरून पोलीस अधिकारी किंवा न्यायाधीश असल्याचे सोंग आणावयाचे, ‘तुम्हांला डिजिटल अटक झाली आहे, कोणाशी बोलू नका’ असे धमकावून वृद्धांना तासन् तास पडद्यासमोर बसवून ठेवावयाचे आणि आयुष्याची पुंजी लुबाडावयाची, हा प्रकार आता सर्वपरिचित आहे. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. ‘कोणाशी बोलू नका’ या एका अटीवर ही सारी लबाडी उभी असते. वाटीभर साखर मागावयास आलेल्या शेजारणीच्या हाकेनेही ती कोसळू शकेल. अशा फसवणुकीची तक्रार 1930 या क्रमांकावर करता येते. परंतु तो क्रमांक फिरविण्याचे भान त्या घटकेस आणून देणारे कोणीतरी जवळ असावे लागते.

यास्तव शेजाऱ्यांनी एकत्र येऊन आपल्या वस्तीची काळजी वाहावी, या विचाराचे आम्ही स्वागतच करतो. प्रश्न आहे तो एकत्र कशासाठी व कोणत्या रीतीने यावे, हा. याचे दोन परस्परविरोधी पाठ महाराष्ट्राने स्वतःच्याच भूमीवर गिरविले आहेत.

पहिला भिवंडीचा. 1970 आणि 1984 या दोन दंगलींनी होरपळलेल्या या यंत्रमागांच्या गावात 1988 च्या सुमारास पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांचे सामान्य रहिवासी त्यांत होते आणि पोलीसही त्यांच्याबरोबर बसत. आपापसांतील किरकोळ तंटे वाढण्यापूर्वीच तेथे मिटविले जात. 6 डिसेंबर 1992 नंतर शेजारची मुंबई पेटली. डिसेंबर व जानेवारीत मिळून तेथे सुमारे 900 माणसे मेल्याचे श्रीकृष्ण आयोगाने नमूद केले. भिवंडी मात्र शांत राहिली. या शांततेचे सारे श्रेय एकट्या समित्यांना देणे कदाचित अतिशयोक्तीचे होईल. पण संकट येण्यापूर्वीची चार वर्षे जे एकमेकांस नावाने ओळखत होते, त्यांना अफवेची शहानिशा कोणाकडे करावी हे ठाऊक होते, एवढे निश्चित. पुढे मुंबईतही याच धर्तीवर मोहल्ला समित्यांचे काम सुरू झाले.

दुसरा पाठ राईनपाड्याचा आणि गडचिंचल्याचा. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षुकांना, मुले पळविणारी टोळी समजून, ठेचून मारण्यात आले. 16 एप्रिल 2020 च्या रात्री पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अंत्यविधीस निघालेले दोन साधू व त्यांचा वाहनचालक चोरांच्या अफवेला बळी पडले. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही म्हण त्या रात्री अक्षरशः खरी ठरली. त्या गावांतील लोकही आपापल्या समजुतीने आपल्या मुलाबाळांचे रक्षणच करीत होते, ही गोष्ट आम्हांस अधिक भयावह वाटते.

दोन्हीकडे शेजारी एकत्र आले होते. मग भेद कोठे पडला? भिवंडीत लोक परिचयाच्या पायावर जमले. राईनपाड्यात व गडचिंचल्यात भयाच्या पोटी. भिवंडीत पोलीस आरंभापासून सोबत होता. गडचिंचल्यात तो आला तेव्हा जमावापुढे हतबल ठरला. परिचय नसलेला पहारा संशयावर जगतो आणि संशयाला नेहमी दुबळा, परका, भटका माणूसच सापडतो. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींवर जन्मतःच चोराचा शिक्का मारला. तो कायदा 1952 साली रद्द झाला. मनांतील शिक्का अद्याप पुसलेला नाही. शहरी वाचकांनी ही खेड्यांतील गोष्ट समजून निश्चिंत राहू नये. फेरीवाला, घरकाम करणारी बाई, परप्रांतीय मजूर यांची छायाचित्रे ‘सावध राहा’ अशा मजकुरासह शेकडो भ्रमणध्वनींवर फिरविणारे हात सुशिक्षितांचेच असतात.

कायद्याची मर्यादा स्पष्ट आहे. डोळ्यांदेखत दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास नागरिक पकडू शकतो. परंतु भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 अन्वये त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली केले पाहिजे. मारण्याचा अधिकार कोणासही नाही. तितकेच हेही खरे, की पोलीस ऐकत नाहीत अशी भावना जेथे रुजते, तेथे कायद्याचा उपदेश पोकळ ठरतो. 13 ऑगस्ट 2004 रोजी नागपूरच्या कस्तुरबानगरला छळणारा एक गुंड जमावाने न्यायालयातच ठार केला; आमच्या तक्रारींना कोणी दाद दिली नाही, असा तेथील रहिवाशांचा आक्रोश होता. नागरिकांचे सहकार्य मागणाऱ्या शासनाने तो विसरू नये. ठाण्यात आलेली तक्रार वेळीच नोंदवून घेणे, हा या सहकार्यातील पोलिसांचा वाटा आहे.

नागरिकांचा वाटाही फार अवघड नाही. प्रत्येक मजल्यावर एकट्या राहणाऱ्या वृद्धांची विचारपूस कोण करील, हे ठरवावे. परिसराच्या पोलीस अधिकाऱ्याला काही घडण्यापूर्वीच बोलावून त्याची ओळख करून घ्यावी. रखवालदाराला व कामाला येणाऱ्या बायांनाही या बैठकीत सन्मानाने बसवावे. वस्तीत कोण येते-जाते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक? संशय आल्यास 112 या क्रमांकावर कळवावे आणि खातरजमा न झालेला मजकूर पुढे धाडू नये. हे सारे येत्या रविवारपासून सुरू करता येईल. त्यासाठी समोरच्या बंद दारावर प्रथम थाप मारावी लागेल, आणि ती भय दाटून येण्यापूर्वी मारावी, एवढीच आमची वाचकांना विनंती आहे.