इंजिनियर आहेस ना तू?

तर झालं असं की, परवा शनिवारी अकोल्याला घरी बाबांच्या १९९८ च्या मारुती ८०० चं इनटेक मॅनिफोल्ड उघडून बसलो होतो. अंगणात सतरंजी, नटबोल्ट आईच्या स्टीलच्या ताटल्यांमध्ये (त्यासाठी शिव्या खाऊन झाल्या). शेजारचे काका फाटकातून डोकावले. "काय करून राह्यला बे? इंजिनियर हायेस ना तू? मिस्तरी नाही भेटला का?"

इंजिनियर आहे म्हणूनच करतोय, हे उत्तर सुचलं रात्री. नेहमीसारखं!

मिस्तरी भेटला होता हो. सहा महिन्यांत दोनदा. गाडी उभी असली की थरथरायची, सिग्नलला बंद पडायची, बॉनेटखालून बारीक सूंऽऽ आवाज. मॅनिफोल्ड आणि हेडमधलं गॅसकेट गेलं होतं. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, इंजिन जोरात हवा ओढतं, आणि ती फटीतून फुकट मिळाली की कार्ब्युरेटरचा हिशेब चुकतो. पेट्रोल कमी, हवा जास्त. मिस्तरीने काय केलं? दोन्ही वेळा जोडावर बाहेरून सिलिकॉन थापलं. पेट्रोल लागलं की ते मऊ पडतं.

पण खरं सांगू? राग मला मिस्तरीचा कमी, आपला जास्त येतो. आपण गाडी टाकतो, "संध्याकाळपर्यंत पाहिजे, स्वस्तात करा" म्हणतो आणि एसीत जाऊन बसतो. काय उघडलं, काय बदललं, विचारतो कधी? ते 'खालचं' काम ना! माझ्या टीममधला एक जण म्हणाला, तुझ्या एका तासाचा रेट किती, कशाला वेळ घालवतोस? हाच गृहस्थ प्रॉडक्शनमध्ये कोणी पॅच मारला की तासभर लेक्चर देतो.

२०२२ च्या जूनमध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर एका लेनचं ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं, गिनीज बुकात गेलं. तेव्हा आमच्या सगळ्या ग्रुपांवर वऱ्हाडचा अभिमान ऊतू जात होता. तिथे ७२० माणसं राबली होती. त्यांतला एखादा जावई म्हणून चालेल का, विचारा बरं त्याच ग्रुपवर.

आणि माझ्या पदवीवर विद्यापीठाचं नाव काय? संत गाडगे बाबा. आयुष्यभर हातात खराटा घेतलेला माणूस! त्यांच्या नावाचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावायचं आणि पान्याला हात लावायला लाजायचं. मीही त्यातलाच. फर्स्ट इयरला वर्कशॉपचा जॉब सिनियरचाच घासून दिला होता.

असो. नवीन गॅसकेट अमरावतीहून मामेभाऊ घेऊन आला. थर्ड इयर मेकॅनिकल. आधी नुसता मोबाईलचा टॉर्च धरून उभा. "आमाले हे थेरीत आहे दादा, उघडून नाही पाह्यलं कधी." कूलंट काढणं, होजना चिठ्ठ्या लावणं, हे पटकन झालं. जुनं गॅसकेट मात्र पापडासारखं चिकटलेलं. स्क्रूड्रायव्हरने खरवडायचा मोह होतो, पण ॲल्युमिनियमवर एक ओरखडा म्हणजे नवीन गळती. म्हणून पोर्टमध्ये फडकी कोंबून प्लास्टिकच्या पट्टीने, हळूहळू. मग स्टीलची पट्टी आडवी धरून फेस वाकलाय का ते पाहिलं. नट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचने. एकच आधी पूर्ण आवळला की मॅनिफोल्ड तिरकं बसतं.

खरवडायचं काम मी त्या भावाकडे दिलं होतं. दीड तास लागला त्याला. मध्ये फोन चार वेळा वाजला, पण उचलणार कसा? हात काळे होते.