प्रवेश फुकट, गाडी तुमची
कॅन्ससमधल्या टॉलग्रास प्रेअरी नॅशनल प्रिझर्व्हला प्रवेशशुल्क नाही, हे कौतुक आता पुरे. तिथे जाणारी ठरल्या वेळेची बस नाही. अ‍ॅमट्रॅकची साउथवेस्ट चीफ स्ट्राँग सिटीतून, म्हणजे दोनेक मैलांवरून, जाते; थांबत मात्र नाही. उतरायचं तर टोपिकाला नाहीतर न्यूटनला. खरं तिकीट म्हणजे स्वतःची मोटार.

'आडबाजूला आहे म्हणून गवत टिकलं', असं मला ऐकवतात. साफ चूक! फ्लिंट हिल्समध्ये मातीखाली चुनखडी नि चकमकीचा दगड, तिथे नांगरच चालेना, म्हणून टिकलं. बाकीचं उंच गवत नांगराखाली गेलं. आज चार टक्क्यांहूनही कमी उरलंय. ते राखतात ठरवून लावलेली आग आणि चराई. २००९पासून बायसनही आहेत. बिनगाडीच्या माणसाला लांब ठेवून गवताचं काय भलं होतं? (गाडीवाल्यांसाठी वाहनतळ आहेच.)

१९९६मध्ये काँग्रेसने कायदा करून हे साऱ्या देशासाठी राखलं. मग एम्पोरियाहून शनिवार-रविवारी एक बस सोडा की. विद्यापीठाचं गाव आहे, अंतर वीसेक मैल.