बोनेअर राहू दे, आधी कुडाळचं तिकीट काढ

आयटीतल्या माणसाची सुट्टी म्हणजे एक रिलीज असते. तिला डेडलाईन असते, एक्सेल शीट असते, आणि परत आल्यावर "काय काय कव्हर केलं?" असा रिव्ह्यूसुद्धा असतो. तीन दिवस, सात बीच, दोन किल्ले, एक क्रूझ. परत येणारा माणूस जाताना होता त्यापेक्षा जास्त दमलेला. सोमवारी सकाळी अंजूर फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली की त्याला खरी विश्रांती मिळते :)

सध्या आमच्या ग्रुपमध्ये बोनेअरचं खूळ आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बोनेअर हे कॅरिबियन समुद्रातलं, व्हेनेझुएलाच्या उत्तरेला असलेलं एक छोटंसं डच बेट. तिथे स्कूबा करायला बोटसुद्धा लागत नाही म्हणे. भाड्याची पिकअप घ्यायची, मागे सिलिंडर टाकायचे, रस्त्याच्या कडेला डाईव्ह साईटचं नाव लिहिलेला पिवळा दगड दिसला की थांबायचं, आणि चालत चालत पाण्यात शिरायचं. घाई नाही, रांग नाही, शिट्टी मारून बोलावणारा गाईड नाही. वाटलं तर एक डाईव्ह, नाहीतर झाडाखाली झोप. कुणालाही हेवा वाटावा असा प्रकार आहे.

पण आता हिशोब मांडू. मुंबईहून अ‍ॅमस्टरडॅम, तिथून अख्खा अटलांटिक ओलांडून बेट. येऊन जाऊन तीन-चार दिवस प्रवासातच गेले. व्हिसाची भानगड, डॉलरमधला खर्च, आणि एवढ्या लांब आलोय म्हटल्यावर "पैसे वसूल" करायचं दडपण. म्हणजे रिलॅक्स व्हायला गेलेला माणूस परत शीट उघडून बसणार. शिवाय ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना पोहता येत नाही आणि डायव्हिंगचं सर्टिफिकेट तर एकाकडेही नाही. बोनेअरची सगळी गंमत स्वतःच्या मर्जीने पाण्यात उतरण्यात आहे. ज्याच्याकडे सर्टिफिकेट नाही त्याला तिथेसुद्धा कुणाचं तरी बोट धरूनच उतरावं लागणार.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की ज्या भिवंडीकराला (ठाणेकर, डोंबिवलीकर, पुणेकर सगळे आले) बोनेअरसारखी सुट्टी हवी आहे, त्याने आधी रात्रीची कोकण रेल्वे पकडून कुडाळला उतरावं आणि मालवणला जावं. पण सगळे जातात तसं नाही.

सगळे कसे जातात? शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी सकाळी पोचायचं. दुपारच्या आत सिंधुदुर्ग किल्ला, स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राईड, मग देवबागचा संगम, डॉल्फिन, रात्री सुरमई थाळी आणि रविवारी परत. यातलं "स्कूबा" म्हणजे काय? बोटीवर पाच मिनिटं खुणा शिकवतात, गळ्यात सामान अडकवतात, खाली नेतात, बिस्किटाचा चुरा टाकून मासे गोळा करतात, व्हिडिओ काढतात आणि वर. दहा-पंधरा मिनिटांत खेळ खलास. पैसे काहीशेच लागतात, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. पण दहा मिनिटांत माणूस फक्त घाबरण्याचं काम पूर्ण करतो. समुद्र बघायला सुरुवात होते ती त्यानंतर, आणि तेव्हा आपण बोटीवर टॉवेल शोधत असतो.

आता माझा प्लॅन सांगतो. सहा दिवस, एकच गाव. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, तिथे किंवा दुसऱ्या एखाद्या मान्यताप्राप्त ठिकाणी 'ओपन वॉटर डायव्हर'चा कोर्स करायचा. कोर्स साधारण तीन-चार दिवसांचा असतो. थिअरी बऱ्याचदा ऑनलाईन घरूनच उरकता येते, मग तरणतलावातला सराव आणि समुद्रातल्या चार डाईव्ह. यात पास झालात की सोबतीला घेऊन १८ मीटरपर्यंत उतरायची जगभर मान्यता. त्यासाठी २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं पाण्यावर तरंगणं एवढं यावं लागतं. म्हणजे सुट्टीच्या दोन-तीन महिने आधी ठाण्यात किंवा कल्याणला एखाद्या तरणतलावाचा पास काढायचा. वऱ्हाळदेवी तलावाच्या काठावर संध्याकाळी भेळ खाण्याचा पोहण्याशी काही संबंध नाही, हेही सांगून ठेवतो.

पहिला दिवस पूर्ण मोकळा. रात्रभर ट्रेनमध्ये जागून आलेल्या माणसाने पाण्यात उतरू नये, त्याने समुद्राकडे तोंड करून पडावं. पुढचे चार दिवस सकाळी शिकायचं, दुपारी जेवायचं (सोलकढी दोनदा मागायची), झोपायचं, संध्याकाळी किनाऱ्यावर चालायचं. एखाद्या घरगुती ठिकाणी राहिलात तर काकी तिसऱ्या दिवसापासून मेनू तुम्हाला विचारून ठरवतात. सहावा दिवस परत मोकळा, आणि यामागे विज्ञान आहे. दाबाखाली श्वास घेतल्यावर नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. म्हणून लागोपाठ डाईव्ह केल्यावर किमान १८ तास विमान टाळायला सांगतात. लोक एक गोष्ट विसरतात, की घाटालाही हाच विचार लागू आहे. कोर्सची शेवटची डाईव्ह करून त्याच दुपारी गाडी काढली आणि आंबोलीमार्गे वर चढलात, तर ती साधारण ७०० मीटरची उंची आहे. कोल्हापूर-बेळगावकडच्यांनी हे लक्षात ठेवावं. आपली कोकण रेल्वे बिचारी खालूनच जाते.

इंजिनिअर लोकांना हा प्रकार मनापासून आवडेल याची मला खात्री आहे, कारण स्कूबा म्हणजे शुद्ध सिस्टीम डिझाईन आहे. तोंडातला रेग्युलेटर बिघडला तर दुसरा लटकत असतो. तोही गेला तर सोबत्याचा. उतरण्याआधी एकमेकांचं सामान तपासायचं, म्हणजे चक्क कोड रिव्ह्यू. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, साधी गाळलेली दाबाची हवा असते. आणि सगळ्यात मोठा नियम एकच: श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरलेली छाती तशीच धरून वर आलात तर आतली हवा दुपटीने फुगू पाहते, आणि फुप्फुसं काही फुगा नाहीत. सर्दी असेल तर उतरायचंच नाही, कारण कानातला दाब जुळत नाही. दम्याचा, हृदयाचा त्रास असेल तर तो फॉर्मवर लिहायचा, आधी डॉक्टरला विचारायचं. आपण 'आय अ‍ॅग्री'वर न वाचता क्लिक करणारी जमात आहोत. हा एक फॉर्म मात्र वाचा.

आणि हे नुसतं पुस्तकी नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोन जीव गेले. पाण्याखाली नव्हे, परतीच्या बोटीत. म्हणून तारीख आणि बोट या दोन गोष्टी दरापेक्षा महत्त्वाच्या. मे अखेरीस वारा फिरतो, समुद्र खवळायला लागतो, आणि नेमकी तेव्हाच आपल्या घरोघरी सुट्टी असते. जून ते ऑगस्ट तर हे सगळं बंदच असतं. खरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, त्यातही नाताळचा आठवडा सोडून. बोटीत चढताना मोजा: माणसं किती, लाईफ जॅकेट किती. एका प्रशिक्षकामागे किती जण, आणि त्याचं कार्ड आहे का, हेही विचारा. विचारायला लाजू नका. मॉलमध्ये मोबाईलचं कव्हर घेताना आपण यापेक्षा जास्त प्रश्न विचारतो.

आता तुम्ही म्हणाल, मालवणचं पाणी गढूळ, बोनेअरचं काचेसारखं. मान्य. मालवणला चांगल्या दिवशीही काही मीटरच दिसतं. रंगच बघायचे असतील तर अंदमान, लक्षद्वीप निश्चित सरस आहेत. पण शिकायला हे पाणी वाईट नाही. जो गढुळात शांत राहायला शिकला तो स्वच्छ पाण्यात राजा.

शिवाय बोनेअरचं पाणी आणि प्रवाळ नुसत्या नशिबाने टिकलेले नाहीत. तिथे भाल्याने मासे मारायला १९७१ मध्ये बंदी आली, १९७९ मध्ये बेटाभोवतीच्या समुद्राचं सागरी उद्यान झालं. नांगर टाकायला मनाई, बोट ठरलेल्या बोयालाच बांधायची, पाहुण्याने शुल्क भरायचं, आणि पहिली डाईव्ह नियम समजून घेतल्यावरच. आपल्याकडेही मालवण सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, २९ चौरस किलोमीटरचं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी त्याच्या गाभ्यात येतं. पण किती पर्यटकांना आपण अभयारण्यात उतरतोय हे माहीत असतं? वाघाला कुणी जिप्सीतून बिस्किट टाकत नाही. इथे माशांना टाकतात, प्रवाळावर उभं राहून फोटो काढतात. कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्याच रांगेत. या अभयारण्याला मच्छीमारांचा विरोध राहिला, आणि त्यांची बाजू समजण्यासारखी आहे, कारण ज्याचं पोट समुद्रावर आहे त्याला न विचारता रेषा आखल्या की तो चिडणारच. पण आज त्यांच्याच घरातली कितीतरी मुलं गाईड आहेत, बोटी चालवतात, खोल्या भाड्याने देतात. त्यांना दहा मिनिटांची शंभर गिऱ्हाईकं मिळाली तर ती घाईच शिकतील. चार दिवस राहणारी, नीट पैसे देणारी, "बिस्किट नको, आणि पाय कुठे ठेवू नको ते सांग" म्हणणारी दहा मिळाली, तर प्रवाळ जपण्यात त्यांचाच फायदा आहे. गिऱ्हाईक जे मागतं तेच बाजारात येतं, हे यंत्रमागाच्या गावात वाढलेल्याला वेगळं सांगायला नको.

तर बोनेअर कुठे पळून जात नाही. सर्टिफिकेट खिशात असेल तर पाच वर्षांनी जा, पिवळ्या दगडापाशी गाडी लावा आणि कुणालाही न विचारता पाण्यात शिरा. तोवर एवढंच करा: कोकण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. कॅलेंडरमध्ये तारीख मोजा, मॅनेजरला आत्ताच मेल टाका, आणि पोहण्याच्या क्लासची चौकशी या रविवारीच करून या. एक्सेल शीट मात्र उघडू नका.