शंका आली तर विचारावे कोणाला?

एच.आय.व्ही.ची बाधा झालेल्या माणसाला आज औषध मिळते, ते सरकारी केंद्रात मोफत मिळते आणि वेळेवर सुरू करून नियमाने घेतले तर त्याचे आयुष्य इतरांच्या आयुष्याइतके लांब होऊ शकते. असे असूनही या रोगाने माणसे मरतात. ती का मरतात याचा विचार करू लागले म्हणजे कारण औषधांच्या कपाटात सापडत नाही. मनात शंका येणे आणि तपासणीच्या दारापर्यंत पोहोचणे यांच्यामध्ये जो काळ जातो, त्या काळात हा रोग आपला डाव साधतो. त्या काळात माणूस कोणाला विचारतो, त्याला कोण काय सांगते, आणि सांगणारा ती गोष्ट पोटात ठेवतो की गावभर करतो, यांवर पुष्कळदा त्याचे जगणेमरणे ठरते. या प्रश्नाकडे सरकारचे, वैद्यकीय व्यवसायाचे आणि आमच्या वाचकांचेही जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही, म्हणून तो आज आम्ही येथे मांडीत आहो.

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील ईट या गावाचे उदाहरण घ्या. हा तालुका शहरवासीयांना ठाऊक आहे तो त्याच्या खव्यामुळे. पण येथून व शेजारच्या बीड जिल्ह्यातून खव्याप्रमाणेच माणसेही बाहेर जातात. उसतोडीचा हंगाम सुरू झाला की या टापूतील कुटुंबांच्या कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. महिनोन्‌महिने घर सोडून राहणारे मजूर आणि लांब पल्ल्याचे ट्रकचालक यांना राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने जोखमीचे वर्ग मानलेले आहे. अशा गावी एखाद्या तरुणाच्या किंवा गरोदर सुनेच्या मनात शंका उत्पन्न झाली तर तिने विचारावे कोणाला? आशाताई शेजारच्याच गल्लीतली. औषधाच्या दुकानदाराची घरच्यांशी रोजची ऊठबस. एस.टी.ने भूमला किंवा धाराशिवला जावे, तर गाडीत ओळखीचे चार चेहरे आणि 'कुठे निघालात?' हा चौघांचाही प्रश्न. उरतो हातातला मोबाईल. तो नाव विचारीत नाही आणि भुवयाही उंचावत नाही. म्हणून मनातला पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो, आणि यात त्या माणसाचा काहीही दोष नाही. त्या पहिल्या प्रश्नाला मराठीत नीट, खरे आणि ताजे उत्तर मिळावे अशी तजवीज ज्यांनी करावयास हवी होती, दोष असलाच तर त्यांचा आहे.

मोबाईलच्या पडद्यावर जे येते त्यात खरे आणि खोटे एकाच पंगतीला बसलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेचे निवेदन आणि 'नव्वद दिवसांत एड्स मुळापासून बरा' असे सांगणाऱ्या वैदूची चित्रफीत, दोन्हींचा आकार एकच आणि दोन्हींचा तोराही एकच. वास्तविक आपल्या देशात याविषयी कायद्याने काही संदिग्ध ठेवलेले नाही. १९४५ च्या औषध नियमांना 'जे' नावाचे एक परिशिष्ट आहे. कोणत्याही औषधाने जे रोग बरे होतील असा दावा करण्यास मनाई आहे, त्यांची ही यादी, आणि तिच्या अगदी आरंभी नाव आहे ते एड्सचे. म्हणजे जो कोणी हा रोग समूळ बरा करणारे औषध विकतो, तो रुग्णाला तर फसवितोच, पण कायदाही मोडतो. तरी हा बाजार चालतो, कारण गिऱ्हाईक तक्रार करीत नाही. तक्रार करावयाची म्हणजे आपण ते औषध कशासाठी घेतले हे सांगावे लागते.

खोट्या माहितीचा हा रोग मोबाईलने आणला असे मात्र कोणी समजू नये. छापील अक्षरही या बाबतीत निष्कलंक नाही. १९८३ च्या जुलैत दिल्लीच्या 'पेट्रियट' या दैनिकात एक निनावी पत्र प्रसिद्ध झाले. एड्सचा विषाणू अमेरिकेने प्रयोगशाळेत तयार केला, असा त्याचा मथितार्थ होता. पुढे सोव्हिएत प्रचारयंत्रणेने ती कथा जगभर फिरविली, आणि हा बनाव आपल्याच यंत्रणेचा होता हे रशियाच्या गुप्तहेर खात्याच्या प्रमुखाने १९९२ मध्ये मान्य केले. तोवर ती कथा कित्येक देशांत लोकांच्या मनात घर करून बसली होती.

याहून भयंकर उदाहरण दक्षिण आफ्रिकेचे. तेथील राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी हे सुशिक्षित, वाचनाची आवड असलेले गृहस्थ. १९९९ मध्ये त्यांनी आपल्या संसदेच्या सभागृहात ए.झेड.टी. या औषधाच्या सुरक्षिततेविषयी शंका घेतली आणि या विषयावरचे विपुल लेखन इंटरनेटवर उपलब्ध आहे ते सभासदांनी पाहावे, असे सुचविले. एच.आय.व्ही.मुळे एड्स होत नाही असे म्हणणाऱ्या मूठभर मंडळींचे लिखाण त्यांना तेथे भेटले होते. २००० च्या जुलैत पाच हजारांहून अधिक शास्त्रज्ञांनी आणि डॉक्टरांनी दर्बान येथून सह्यांचे जाहीर निवेदन काढून सत्य सांगितले, तरी सरकारी औषधयोजना रेंगाळतच राहिली. या विलंबामुळे २००० ते २००५ या काळात ३ लाख ३० हजारांहून अधिक लोकांचे प्राण गेले, असा हिशेब हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ मध्ये मांडला. आणि याच काळात, २००१ च्या फेब्रुवारीत, मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा उपचार दिवसाला एक डॉलरहूनही कमी किमतीत देण्याची तयारी दाखविली होती! औषध होते, ते स्वस्तही झाले होते. आड आली ती चुकीच्या जागी ठेवलेली श्रद्धा. शिक्षणाने माणसाला खऱ्याखोट्याची पारख आपोआप येते, असे समजणाऱ्या आमच्या वर्गाने हे उदाहरण विसरू नये.

मग खरी माहिती कोणती? ती फार मोठी नाही आणि गुंतागुंतीचीही नाही. तपासणी सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात मोफत होते. बाधा झाल्यानंतर आरंभीचे काही आठवडे ती तपासणीत दिसत नाही, म्हणून एकदा 'नाही' असे उत्तर आले तरी समुपदेशक सांगेल त्या मुदतीने पुन्हा तपासावे लागते. सुई टोचणे किंवा तसाच धोक्याचा प्रसंग घडला, तर ७२ तासांच्या आत, आणि जितके लवकर तितके बरे, प्रतिबंधक औषध सुरू करता येते. आईला वेळेवर उपचार मिळाला तर मूल निरोगी जन्मण्याची शक्यता फार मोठी असते. एका ताटात जेवल्याने, हातात हात घेतल्याने किंवा डास चावल्याने हा रोग होत नाही. २००४ च्या १ एप्रिलपासून भारतात सरकारने मोफत औषधे देण्यास प्रारंभ केला, तो ज्या सहा राज्यांत, त्यांत महाराष्ट्र होता. २०१७ पासून तर बाधा आढळली की प्रतिकारशक्ती खालावण्याची वाट न पाहता उपचार सुरू करावयाचा, असे धोरण आहे. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, औषध नियमाने घेऊन ज्याच्या रक्तातील विषाणू मोजण्यापलीकडे कमी झाला, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला बाधा होत नाही. ज्या आंतरराष्ट्रीय संशोधनाने २०११ मध्ये या सत्याचा मार्ग मोकळा केला, त्यात पुण्याचेही केंद्र होते. आपल्याच पुण्याने ज्याला हातभार लावला ते सत्य आपल्याच मराठवाड्यातील खेड्यात अद्याप नीट पोहोचू नये, यासारखी खेदाची गोष्ट नाही.

माहिती सांगणाऱ्याची पारख करण्यासही डॉक्टरी विद्या लागत नाही. घरी हिशेब पाहताना जी सावधगिरी आपण बाळगतो तीच पुरे. सांगणारा कोण, हे त्याने उघड लिहिले आहे काय? त्याला आपणांस काही विकावयाचे आहे काय? मजकूर केव्हा लिहिला याची तारीख आहे काय? या विषयात दहा वर्षांपूर्वीचे सत्यही आज अपुरे ठरते. आणि शेवटचे, तो आपणांस तपासणी केंद्राकडे पाठवितो की केंद्रापासून परावृत्त करितो? या चार प्रश्नांना जो उतरेल त्याचेच ऐकावे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा १०९७ हा दूरध्वनी क्रमांक या कसोटीस उतरतो. तो निःशुल्क आहे आणि प्रादेशिक भाषांतही बोलतो. ज्याला वाचण्यापेक्षा विचारणे सोपे वाटते, त्याच्यासाठी दुसऱ्या बाजूला माणसाचा आवाज असतो, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु येथेच प्रश्न संपत नाही. आमच्या मते तो येथे सुरू होतो. मोबाईलवर कितीही चोख माहिती मिळाली तरी ती अखेर एका खऱ्या दाराशी नेऊन सोडते. त्या दारामागील माणूस तोंड सांभाळील असा भरवसा नसेल तर सारी माहिती व्यर्थ. २०२५ च्या जानेवारीत बीड जिल्ह्यातील एका कुटुंबाची तक्रार वृत्तपत्रांत आली. आपल्या मृत मुलीला एच.आय.व्ही. होता अशी अफवा सरकारी सेवेतील माणसांनीच पसरविली आणि त्यापायी गावाने आपल्याशी संबंध तोडला, असे त्या कुटुंबाचे म्हणणे होते. या आरोपाचा निवाडा करणे आमचे काम नाही. पण अशी नुसती तक्रार कानी आल्याने शेजारच्या तालुक्यांतील किती जणांची पावले तपासणी केंद्राच्या वाटेवरून परत फिरली असतील, याचा विचार अधिकाऱ्यांनी करावा.

न्यायालयांनी आणि कायद्याने ही गोष्ट केव्हाच ओळखली आहे. एका सार्वजनिक महामंडळातील रोजंदारी कामगाराला बाधा आहे एवढ्यावरून काम नाकारण्यात आले, तेव्हा १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. जो काम करण्यास समर्थ आहे आणि ज्याच्यापासून इतरांना खरा धोका नाही त्याची भाकरी हिरावता येत नाही, असा तो निकाल. त्या कामगाराला आपले नाव झाकून दाद मागण्याची मुभाही न्यायालयाने दिली. विधिग्रंथांत तो आजही दोन अक्षरांनीच ओळखला जातो. ती मुभा नसती तर तो न्यायालयाची पायरी चढला असता काय? पुढे २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा झाला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संमतीवाचून तपासणी नाही, संमतीवाचून वाच्यता नाही, नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव नाही, आणि बाधितांविषयी द्वेष पसरविणारा मजकूर प्रसिद्ध करणे हा गुन्हा, असे तो सांगतो. मोठ्या आस्थापनांत तक्रार अधिकारी आणि राज्यात लोकपाल नेमण्याचे बंधनही त्यात आहे. हा कायदा किती दवाखान्यांच्या भिंतीवर वाचावयास मिळतो?

माहितीबरोबर लागतो तो आधार, आणि तो कोणाकडून मिळाला तर माणूस घेतो, याचाही धडा महाराष्ट्राने घालून दिलेला आहे. सांगलीत १९९२ मध्ये 'संग्राम' संस्थेने वेश्यावस्तीत काम सुरू केले, तेव्हा उपदेशाचे काम बाहेरच्यांनी न करता तेथील स्त्रियांनीच एकमेकींत करावे, अशी दिशा धरली. पुढे त्या स्त्रियांची स्वतःची संघटना उभी राहिली. ज्याच्यावर तोच प्रसंग येऊन गेला आहे त्याचा शब्द मनाला पटतो, हे त्यामागील साधे सूत्र. उपचार केंद्रांशी जोडलेल्या काळजी व आधार केंद्रांत बाधित व्यक्तीच नवागतांशी बोलतात, तेही याच सूत्राने. ही माणसे तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली पाहिजेत. त्यांना पुरेसे व वेळेवर मानधन मिळाले पाहिजे. धर्मादाय म्हणून त्यांच्याकडे पाहणे ही कृतघ्नता होय.

राष्ट्रीय संघटनेच्या २०२३ च्या अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख लोक एच.आय.व्ही.सह जगत आहेत. राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची, सुमारे ४ लाख. २०१० च्या मानाने देशातील एड्समृत्यू तीनचतुर्थांशाहून अधिक घटले, हे यश लहान नाही आणि त्याचे श्रेय देण्यात आम्ही कृपणता करणार नाही. परंतु उरलेली वाट अवघड आहे, कारण उरलेली माणसे लपलेली आहेत आणि ती लपण्यास कारण आपण आहो.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. राज्य सरकारने मराठीत, तारखेसह, जबाबदार डॉक्टरांच्या नावानिशी माहिती द्यावी आणि वाचणाऱ्याला सर्वांत जवळचे तपासणी केंद्र कोणते, तेही सांगावे. परिशिष्ट 'जे'चा भंग करणाऱ्या जाहिरातींवर अन्न व औषध प्रशासनाने रुग्णाच्या तक्रारीची वाट न पाहता स्वतः होऊन कारवाई करावी. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात तक्रार अधिकाऱ्याचे नाव ठळक अक्षरांत लावावे, आणि गुप्तता मोडणाऱ्याला, मग तो कोणत्याही हुद्द्याचा असो, शिक्षा झाल्याचे लोकांच्या दृष्टीस पडावे. आमच्या वाचकांपुरते बोलावयाचे तर आलेला संदेश खातरजमा केल्यावाचून पुढे धाडू नये, घरी कामास येणाऱ्या बाईच्या किंवा कार्यालयातील शिपायाच्या आजाराची चौकशी चवीने करू नये, आणि कोणी विश्वासाने काही सांगितले तर ते ऐकून घेऊन १०९७ हा क्रमांक द्यावा व गप्प राहावे. या रोगाच्या बाबतीत गप्प राहता येणे हीही एक सेवा आहे, आणि तिला सरकारी मंजुरी लागत नाही.